समासातली टाचणी

थॉर्नबी, लिंकनशायर
१४ मार्च १८१७

प्रिय हेस्टर,

चार महिने तुला पत्र लिहिलं नाही, याबद्दल आधी माफी मागतो. थंडी होती, रस्ते बंद होते, गावात गोवर होता. हे सगळं खरं आहे, पण यातलं एकही खरं कारण नव्हे. रोज सकाळी मी लिहायला बसायचो, ‘प्रिय हेस्टर’ एवढं लिहायचो आणि उठून कोंबड्या बघायला जायचो. कोंबड्या बऱ्या आहेत.

डॉर्कस आत्याही बरी आहे. बाबा गेले, त्यांच्या जागी नवे पाद्री आले आणि तुम्हां दोघींना महिन्याच्या आत ते घर सोडावं लागलं, तेव्हा मला भीती वाटली होती. भावाचा संसार चाळीस वर्षं सांभाळलेली बाई माझ्या या लहानशा घरात कोमेजून जाईल, असं वाटायचं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या फळीवरच्या सगळ्या बरण्या खाली काढल्या. “मला काय करायचंय,” म्हणाली, “घर तुझं, मुरंबा तुझा, वरची बुरशीही तुझीच.” आणि संध्याकाळपर्यंत तो सगळा मुरंबा पुन्हा उकळून काढला. बाबांची खुर्ची तिनं गाडीवर घालून बरोबर आणली. बाबांचा म्हातारा कुत्रा पॉम्पीही आणला. तो तिच्या पायांवर झोपून असतो.

तुझी दोन पत्रं मिळाली. पहिल्यात तू लिहिलंस की नव्या कादंबरीचा तिसरा खंड अडला आहे. दुसऱ्यात लिहिलंस की तो आता होणारच नाही. बाबा वाचणार नसतील तर लिहायचं कोणासाठी. प्रकाशकाला तसं कळवून तू हस्तलिखित जाळणार आहेस. माणसानं तातडीनं उत्तर द्यावं असं ते पत्र होतं. मी दिलं नाही. त्याचं कारण आता सांगतो.

बाबांचे जुने विद्यार्थी त्यांची प्रवचनं छापताहेत. सुरुवातीला चार पानांचं चरित्र मी लिहून द्यायचं आहे. तीन पानं झाली. चौथ्या पानावर तुझ्याविषयी एक वाक्य आहे: ‘अखेरपर्यंत ते आपल्या कन्येचं हस्तलिखित स्वतः वाचत आणि स्वतःच्या हातानं त्यावर खुणा करत.’ हे वाक्य मी नऊ वेळा लिहिलं आणि नऊ वेळा खोडलं. हेस्टर, ते खोटं आहे. शेवटची पाच वर्षं बाबांना अक्षर दिसत नव्हतं.

कडेचं दिसायचं. कुंपण, दार, दारात कोण आलं ते. पण सरळ ज्याच्याकडे बघावं तिथे शाई सांडल्यासारखा डाग. प्रार्थना त्यांना तोंडपाठ होत्या, प्रवचनं जुनीच फिरवून सांगायचे, आणि मी दर मंगळवारी यायचो तो त्यांची पत्रं लिहायला. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. म्हणाले, “हेस्टरला कळलं तर ती माझ्यासाठी मोठ्या अक्षरांत लिहायला लागेल. मोठ्या अक्षरांत विनोद होत नाही.”

तुझी पानं आत्या त्यांना वाचून दाखवायची, दार लावून. डोळे आत्याचे, कान बाबांचे. ते सांगतील तिथे ती समासात टाचणी टोचायची. 

वचन देणारा आणि घेणारा यांतला एक गेला की वचन संपतं का, हे मला ऑक्सफर्डला कोणी शिकवलं नाही. मी स्वतःपुरतं ठरवलं की संपतं. चुकलो असेन तर ते ओझं माझं.

तुझा भाऊ,
ॲम्ब्रोज

उद्याचं काम: हे पत्र पुन्हा न वाचता टपालात टाकणं.


एक्झेटर
२१ मार्च १८१७

प्रिय ॲम्ब्रोज,

कोंबड्यांची खुशाली कळली. पत्राच्या तळाशी उद्याचं काम लिहायची तुझी सवय गेलेली नाही हेही कळलं. मी तुझी बहीण आहे की रोजनिशी, हे एकदा ठरव.

आता यापुढे मला विनोद सुचत नाही.

मी त्याच घरात राहत होते. रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून चहा ओतत होते. वर्तमानपत्र आत्या वाचून दाखवायची, तेव्हा बाबा म्हणायचे, “डॉर्कसचा आवाज वापरून संपू दे, माझा रविवारसाठी ठेवतो.” मी हसायचे. माणसांच्या चेहऱ्यावरून मन ओळखणारी लेखिका, असं माझ्याविषयी लंडनच्या एका मासिकात छापून आलं होतं. ते कात्रण मी बाबांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ त्याकडे बघितलं आणि म्हणाले, “अगदी खरं आहे.”

तुला त्या टाचणीच्या भोकांचं काय ते माहीत नाही, म्हणून सांगते. माझ्या पहिल्या कादंबरीच्या समासात बाबांचे शाईचे शेरे असायचे, तिरके, घाईचे, ओळीवर ओळ. दुसऱ्या कादंबरीपासून शाई बंद झाली. पानं परत यायची ती कोरी. पण खिडकीशी धरली की समासातून उजेडाचे ठिपके दिसायचे. एक भोक म्हणजे पुन्हा बघ. दोन भोकं म्हणजे काढून टाक. मला वाटलं, आता मी छापलेली लेखिका झाले, म्हणून बाबा माझ्या पानाला शाई लावत नाहीत. मान ठेवतात. त्या भोकांचा मला केवढा अभिमान होता, तुला कसं सांगू!

आणि त्याहून वाईट ते पुढे आहे. दुसऱ्या कादंबरीतली मिस ट्रिमलेट. मेणबत्त्यांची बुडखी साठवणारी, दोऱ्याचे तुकडे गुंडाळून ठेवणारी, ‘मला काय करायचंय’ म्हणून अर्धा तास बोलणारी. ती कोण, हे तुला सांगायला नको. त्या बाईला हसण्यासाठी लोकांनी ते पुस्तक विकत घेतलं. मी निर्धास्त होते, कारण आत्या कादंबऱ्या वाचत नाही. कादंबरीनं डोळे फुटतात आणि पाव करपतो, हे तिचं मत साऱ्या गावाला पाठ. आणि तू सांगतोस, ती पानं तिनंच वाचली? मोठ्यानं? स्वतःच्या तोंडानं?

एका ठिकाणी दोन भोकं होती. मिस ट्रिमलेट खिडकीशी बसून तरुणपणी बुडालेल्या आपल्या खलाशासाठी रडते, असा दीड पानांचा प्रसंग मी लिहिला होता. मी तो काढला. आत्याचंही कोणी होतं असं लहानपणी कानावर आलेलं. वाटलं, बाबा आपल्या बहिणीला जपताहेत.

ॲम्ब्रोज, आधी मला वाटलं माझा वाचक गेला. आता कळतंय की तो वाचत नव्हता. कान तरी त्यांचे होते ना? भोक कुठे पाडायचं हे तरी तेच सांगत होते ना? एवढंच मला हवं आहे.

हस्तलिखित अजून जाळलेलं नाही. माझी घरमालकीण मिसेस पेलकडे हिवाळ्याखेरीज खोल्यांत विस्तव बेताचाच असतो. मोठी चूल पेटते ती महिन्याच्या धुण्याला. तोपर्यंत ते ट्रंकेत आहे.

आणि एक विचारू? तू माझ्या कादंबऱ्या वाचल्यास का? कधी बोलला नाहीस.

तुझी,
हेस्टर


थॉर्नबी
३१ मार्च १८१७

प्रिय हेस्टर,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाहीतर टाळेन. नाही. दुसऱ्या कादंबरीची पानं मी सुरीनं सोळापर्यंत कापली. पुढची अजून जशी छापखान्यातून आली तशी चिकटलेली आहेत. पहिल्यांदा स्वतःला सांगितलं की पाद्र्यानं कादंबरी वाचणं बरं नव्हे. मग लक्षात आलं की बाजूच्या गावांचे तिन्ही पाद्री तुझ्या कादंबऱ्या वाचतात. खरं कारण हे की सतराव्या पानावर एक भावूक, कोंबड्या पाळणारा भाऊ निघेल अशी मला भीती वाटली.

आता मोठी गोष्ट. काल ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार. चर्च भरलेलं. मी प्रवचनाचा तिसरा कागद उचलला, आणि पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट त्यावर आलं. समासात उजेडाचे ठिपके होते. एके ठिकाणी एक. खाली दोन, ‘तिसरी गोष्ट म्हणजे’ या ओळीपाशी. आणखी खाली पुन्हा दोन.

मी व्यासपीठावर उभा राहून बोलायचंच विसरलो. लोकांना वाटलं, मला गहिवरून आलं. मग मी काय केलं माहीत आहे? दोन भोकांच्या ओळी गाळल्या. तिसरी गोष्ट सांगितलीच नाही. प्रवचन दहा मिनिटं आधी संपलं. दारात गिरणीवाला माझा हात दाबून म्हणाला, “आज मनाला भिडलं, साहेब.” बारा वर्षांत पहिल्यांदा.

हेस्टर, बाबा जाऊन साडेचार महिने झाले. टाचणीला सांगायला ते आता नाहीत.

जेवताना मी विषय काढला.

“आत्या, माझ्या प्रवचनाला भोकं पडलीत.”

“कसर लागली असेल.”

“कसर बरोबर ‘तिसरी गोष्ट म्हणजे’ याच ओळीला दोनदा चावली?”

“शहाणी दिसते कसर,” आत्या म्हणाली. “बटाटे घे. गार होताहेत.”

शनिवारी कपड्यांच्या खोलीतून पुटपुटणं ऐकू आलं होतं. मला वाटलं, ती चादरी मोजते आहे. आता कळलं, ती माझं प्रवचन पॉम्पीला वाचून दाखवत होती.

“आणि हेस्टरची पानं?” मी विचारलं.

“मला काय करायचंय कादंबऱ्यांशी? तुझे बाबा म्हणायचे वाच, मी वाचायचे. त्यांनी पंचांग वाच म्हटलं असतं तर तेही वाचलं असतं.”

“आणि टाचणी?”

ती उठली. “भोकं कपड्याला पडतात आणि मी ती रफू करते. कागदाचं मला विचारू नकोस.” तिचे कान लाल झाले होते. जेवण अर्धं टाकून ती कोंबड्या बघायला गेली. म्हणजे हा रोग आपल्या घराण्यातलाच आहे.

मी तुला लिहिलं होतं की बाबा सांगायचे तिथे ती टोचायची. ते मी पाहिलेलं नव्हतं. बंद दाराबाहेरून मी तसं धरून चाललो होतो. एक खोटं दुरुस्त करता करता मी तुला दुसरं लिहिलं. आता खरं काय ते मला माहीत नाही, आणि तुला जे एवढंच हवं होतं, त्याबद्दल मी खात्री देऊ शकत नाही. मला क्षमा कर.

तुझा,
ॲम्ब्रोज

उद्याचं काम: चरित्रातलं ते वाक्य दहाव्यांदा खोडणं.


एक्झेटर
७ एप्रिल १८१७

प्रिय ॲम्ब्रोज,

सतराव्या पानावर तू नाहीस. बेचाळिसाव्यावर आहेस, पण कोंबड्यांच्या जागी मधमाश्या घातल्या आहेत.

तुझं पत्र मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. तिसऱ्या दिवशी मिसेस पेलच्या स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसले होते, आणि एकदम सगळं आठवायला लागलं. मी सात-आठ वर्षांची असेन. आत्या वाटाणे सोलता सोलता बाजारातल्या बायकांच्या नकला करायची. लोणीवाली, तिची सून, सुनेची आई, तिघींचे तीन आवाज. मीही मग एखादी गोष्ट रचून सांगायचे. ती मान वर न करता विचारायची, “एवढं ऐकून ती मुलगी गप्प का बसली?” मी उत्तर शोधायचे. पटलं नाही तर आत्या नुसती पुढची शेंग घ्यायची.

बाबांनी मला ग्रंथालय उघडं करून दिलं, लॅटिन दिलं, कोरे कागद दिले. मी मुलगी आहे म्हणून कधी दार लावलं नाही. त्यांचं हे ऋण मी प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर मानलं आहे. पण माझ्या कादंबरीत कोणी लॅटिन बोलत नाही. सगळे लोणीवालीसारखे बोलतात.

तिला काही विचारू नकोस. तू सरळ माणूस आहेस, तू विचारलंस की गुन्हा कबूल करायला बोलावल्यासारखं वाटतं. सोबत अकरा पानं पाठवते आहे. तिसऱ्या खंडाचं पहिलं प्रकरण, जिथे मी अडले. नायिकेचे वडील मरतात, तो प्रसंग आहे. सहा वेळा लिहिला. वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी येतं, आणि तरी वाटतं की खोटा आहे. का, ते कळत नाही.

आत्याच्या विणकामाच्या टोपलीत राखाडी लोकरीखाली ठेव. काही बोलू नकोस. आठवडाभर थांब.

पानांना भोकं पडून आली तर मी खंड पुरा करेन. ती कोणाची, हेही मग विचारणार नाही.

हेस्टर


थॉर्नबी
१८ एप्रिल १८१७

प्रिय हेस्टर,

पानं मागच्या शुक्रवारी, सांगितल्याप्रमाणे, राखाडी लोकरीखाली ठेवली. काही बोललो नाही. आज सकाळी ती माझ्या मेजावर होती, कोपरे जुळवून, वर शाईची दौत ठेवून.

मी सगळी अकरा पानं एकेक करून खिडकीशी धरली. मग मेणबत्तीशी धरली. मग बोट फिरवून पाहिलं. भोक नाही. एकही नाही.

मी याचा अर्थ लावत नाही. मागच्या वेळी लावला होता. पानं माझ्याकडे आहेत. पाठवू का, कळव.

ॲम्ब्रोज

उद्याचं काम: लहान बागेचं कुंपण दुरुस्त करणं. (दुसरं काही सुचत नाही.)


एक्झेटर
२३ एप्रिल १८१७

प्रिय ॲम्ब्रोज,

तू अर्थ लावला नाहीस हा तुझा चांगुलपणा. मी लावते. फाटलेल्या कपड्याला आत्या रफू करते, विरलेल्याची फडकी करते. माझ्या पानांना टाचणी लावावी असंही तिला वाटलं नाही. यापेक्षा दहा भोकं परवडली असती.

पानं परत पाठवू नकोस. तिथेच तुझ्या चुलीत टाक. इथे धुण्याचा दिवस पाच मे. बाकीचं मी त्या दिवशी इथल्या चुलीत घालीन आणि प्रकाशकाला दोन ओळी लिहीन. रागानं लिहीत नाही, खरंच. मिसेस पेलच्या भाच्यांना शिकवायला कोणी तरी हवं आहे. मुली गोड आहेत. मला फ्रेंच येतं.

तुझ्या चरित्रातलं ते वाक्य आहे तसं राहू दे. ‘स्वतः वाचत आणि स्वतःच्या हातानं खुणा करत.’ सुंदर वाक्य आहे. मला तेच खरं हवं होतं.

आत्याला माझं प्रेम सांग. मिस ट्रिमलेटबद्दल काही बोलू नकोस. त्याची माफी मागायला मी स्वतः येईन, कधी तरी, धीर झाला की.

तुझी,
हेस्टर


थॉर्नबी
२९ एप्रिल १८१७

प्रिय हेस्टर,

हे पत्र पाच मेच्या आत तुझ्या हातात पडायलाच हवं, म्हणून आजच्या टपालगाडीनं पाठवतो आहे. सोबत अकरा पानं आहेत. आधी ती खिडकीशी धर, मग पुढे वाच.

धरलीस?

काल दुपारी तुझं पत्र आलं. तू सांगितलंस पानं चुलीत टाक, म्हणून मी ती घेऊन स्वयंपाकघरात गेलो. तुला माझा राग येईल, पण तू स्पष्ट लिहिलं होतंस, आणि पानं तुझी होती. आत्या आल्याचा केक काढत होती.

“काय आहे हातात?”

“हेस्टरची पानं. जाळायला सांगितलीत तिनं. सगळीच जाळते आहे ती.”

तिनं गरम भांडं तसंच माझ्या धर्मग्रंथावर ठेवलं आणि माझ्या हातातून कागद ओढून घेतले. “ती मूर्ख आहे आणि तू आज्ञाधारक आहेस. दोन्ही रोग तुमच्या बापाचे.”

“पण तूच तर एकही भोक पाडलं नाहीस! तिला वाटलं, तुला टोचण्याच्याही लायकीची वाटली नाहीत.”

आत्या खाली बसली. “अरे, मी वाचलीच नाहीत.”

“आठवडाभर टोपलीत होती.”

“रोज काढायचे आणि ठेवायचे. वाचून दाखवणार कोणाला? मनात वाचलं की सगळंच गोड लागतं. तोंडानं म्हटलं की खडा दाताखाली येतो.”

“माझं प्रवचन पॉम्पीला वाचून दाखवतेस ना?”

“प्रवचनाला पॉम्पी चालतो. कादंबरीला हसणारं कोणी लागतं.” तिनं ॲप्रनच्या टोकानं नाक पुसलं. “तो हसायचा ना रे. चुकीच्या ठिकाणी सुद्धा.”

हेस्टर, मी जाऊन बाबांच्या खुर्चीत बसलो. दुसरं काय करावं हे मला कळलं नाही. ती टोपली घेऊन आली, समोर बसली आणि म्हणाली, “डोळे मिट. तो मिटायचा.”

“त्यांना दिसत नव्हतं, आत्या.”

“दिसत होतं तेव्हापासून मिटायचा.”

मग तिनं वाचलं. मी त्या बाईला बेचाळीस वर्षं ओळखतो आणि तो आवाज मला माहीत नव्हता. तुझ्या गोष्टीतली डॉक्टरची बायको खोलीत आली तेव्हा खोलीत खरंच कोणी तरी आलं. मी हसलो. ती थांबली, माझ्याकडे पाहिलं असावं, आणि पुढे वाचू लागली. मी जिथे हसायचा थांबलो तिथे कागदाचा बारीकसा ‘टक्’ आवाज आला.

नववं पान आलं. वडील उशीवर टेकून मुलीला आयुष्याचा अर्थ सांगतात, ते. आत्यानं ते शेवटपर्यंत वाचलं. मग टक्, आणि पुन्हा टक्.

“का?” मी डोळे न उघडता विचारलं. मला ते पान आवडलं होतं.

“मरणारा माणूस एवढं बोलत नाही. दम कुठे असतो? शेवटच्या सकाळी मी तुझ्या बापाजवळ होते. काय म्हणाला माहीत आहे? ‘डॉर्कस, ती खिडकी कोणी उघडी टाकली?’ झालं. एवढंच.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “मी उघडी टाकली होती. त्याला बाग ऐकू यावी म्हणून. तसं म्हणेपर्यंत तो गेला.”

केक गार झाला.

मग मी तुझा प्रश्न विचारला. तू विचारू नकोस म्हणाली होतीस, पण डोळे मिटून विचारलं की गुन्हा कबूल करायला बोलावल्यासारखं वाटत नाही, असं दिसतं. टाचणी कुठे टोचायची ते बाबा सांगायचे का?

“तो?” आत्या हसली. “त्याला तिचं सगळंच आवडायचं. अगदी स्वल्पविरामसुद्धा. पण कान फसवायचे नाहीत त्याचे. आवडलं की पाय हलायचा. खोटं आलं की पाय थांबायचा आणि तोंडानं ‘वा’ म्हणायचा. मी पायाकडे बघायचे आणि टोचायचे.”

म्हणजे कान त्यांचेच होते, हेस्टर. तुला एवढंच हवं होतं. ते आता मी खात्रीनं लिहितो.

“मग तिला सांगितलं का नाहीस, इतकी वर्षं?”

“तिला बापाची शाबासकी हवी होती. मुरंबा करणाऱ्या बाईनं ओळ खोडली असती तर तिनं ऐकलं असतं? आणि माझं अक्षर तिला बरण्यांवरून पाठ. टाचणीला अक्षर नसतं.”

मिस ट्रिमलेटचं नाव मी काढलं नाही. तिनंच काढलं. “ती बया छान जमली होती,” म्हणाली. “मेणबत्तीच्या बुडख्यांचं हेस्टरनं घाबरत घाबरत एकच ओळीत लिहिलं होतं. मी भोक पाडलं, तेव्हा आणखी तीन ओळी आल्या. तुझा बाप हसून हसून खुर्चीतून घसरला.”

“तुला वाईट नाही वाटलं?”

“मला काय करायचंय? लोक पोटभर हसले तर हसू देत. रडगाणं तेवढं मी काढायला लावलं. हसावं, पण कीव कोणी करू नये.” तिनं पानांचे कोपरे जुळवले. “शिवाय तो खलाशी नव्हता.”

मी पुढे विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

चरित्रातलं वाक्य रात्रीच्या आत लिहून झालं. ‘त्यांच्या कन्येची पानं त्यांच्या खोलीत मोठ्यानं वाचली जात, आणि ते ऐकत.’ वाचणारीचं नाव घालू का, असं आत्याला विचारलं. म्हणाली, “माझं नाव बरण्यांवर पुरे.” मी घातलं नाही. माझ्या मनाला ते अजून टोचतं आहे. पण या टोचणीचं काय करायचं ते आता तू ठरव; ऋण मानायचं पहिलं पान तुझ्या हातात आहे.

अकरा पानांना चौदा भोकं आहेत. मी मोजली. पुढचं प्रकरण कधी येईल असं आत्या विचारते. नेमकं सांगायचं तर म्हणाली, “वडील गेल्यावर ती मुलगी खिडकी लावते की उघडीच ठेवते, ते कळव म्हणावं. मला काय करायचंय, पण कळव.”

माझ्यावर मात्र ती नाराज आहे. तुझं काहीच वाचलेलं नसल्यामुळे मी भलत्याच ठिकाणी हसतो. तेव्हा उद्या दुपारपासून ती मला तुझी दुसरी कादंबरी अगदी सुरुवातीपासून वाचून दाखवणार आहे.

तुझा भाऊ,
ॲम्ब्रोज

उद्याचं काम: सुरीला धार लावून तुझ्या पुस्तकाची पानं कापणं, सतराव्यापासून.